शरणपूर रोडच्या वकीलबाई: मुलाच्या ईबी-५ व्हिसासाठी घेतलेल्या सल्ल्याचा अनुभव

पहिल्या भेटीत वकीलबाईंनी विचारलं, "काका, जमीन कुणाच्या नावावर आहे?" मग विचारलं, "व्यवहारात रोख किती धरली आहे?" आणि मग, "मुलीला विचारलंत का?" अमेरिकेचा विषय निघायला त्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. मी आणि आमच्या मंडळी, म्हणजे माझी बायको, दोघंही जरा नाराज होऊनच जिना उतरलो. आज तीन महिन्यांनी हे लिहायला बसलोय, ते त्याच तीन प्रश्नांसाठी.

आधी आमच्याविषयी. दिंडोरी तालुक्यात आमची सहा एकर द्राक्षबाग आहे. त्याशिवाय आडगावच्या पुढे, महामार्गापासून आत, वडिलोपार्जित साडेतीन एकर जमीन. मुलगी मोठी, लग्न होऊन नाशिकरोडला असते, शाळेत शिकवते. मुलगा धाकटा. टेक्सासमध्ये एमएस करून तिथंच नोकरीला लागला. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत दोनदा नाव आलं नाही. त्याची ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर तिथं काम करायच्या परवानगीची, मुदत २०२७ च्या मध्याला संपते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा हुकूम निघाला, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस धड कुणी जेवलं नाही. अमेरिकेत आधीपासून असलेल्या विद्यार्थ्यांनी तिथल्या तिथे स्टेटस बदललं तर ते शुल्क लागत नाही, हा खुलासा ऑक्टोबरमध्ये आला. पण तोवर आम्ही ईबी-५ च्या, म्हणजे तिथल्या प्रकल्पात पैसे गुंतवून ग्रीन कार्ड मिळवण्याच्या गुंतवणूकदार व्हिसाच्या, मागे लागलो होतो.

सुरुवात चुकीच्या दारातून झाली. त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलात एका एजन्सीचा कार्यक्रम होता. चहा, नाश्ता, पडद्यावर इमारतींची चित्रं. पत्रकात सात देशांची नावं होती, त्यात इंग्लंडही होतं. इंग्लंडचा गुंतवणूकदार व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्येच बंद झाला आहे, हे मला नंतर कळलं. त्या माणसानं दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या. एक, "ग्रीन कार्डची गॅरंटी, आणि पाच वर्षांनी पैसे परत मिळण्याचा लेखी करार." दुसरी, "ईबी-५ चे आठ लाख डॉलर जड जात असतील तर ग्रेनाडा या कॅरिबियन देशाचं नागरिकत्व घ्या आणि त्या पासपोर्टवर ई-२ हा धंद्याचा व्हिसा काढा, दीड वर्षात मुलगा सेटल."

द्राक्षवाल्या माणसाला गॅरंटी या शब्दाची भीती असते. आमच्या भागात दर हंगामात एखादा व्यापारी गोड बोलून, थोडा इसार देऊन माल नेतो आणि एका रात्रीत खोली खाली करून पसार होतो. २०१९ साली माझे स्वतःचे सव्वाचार लाख असे बुडाले. त्यामुळे टोकन म्हणून मागितलेले दोन लाख मी दिले नाहीत. आमच्या सीएंना विचारलं, तर ते म्हणाले, "आधी वकील गाठा. एजंट नको, वकील." आणि शरणपूर रोडचा पत्ता दिला.

नाव लिहीत नाही, त्याचं कारण सांगतो. मी त्यांना विचारूनच हे लिहितोय. त्या म्हणाल्या, "अनुभव जरूर लिहा, पण माझं नाव नको. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, दुसऱ्याकडून करवून घेतलेलीही चालत नाही." मला ते पटलं. कॅनडा कॉर्नरकडून आत वळल्यावर जुन्या बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर ऑफिस आहे. दोन खोल्या, एक ज्युनिअर मुलगी, एक कारकून. भिंतीवर कुठल्या देशाचा झेंडा नाही की विमानाचं चित्र नाही. गाडी लावायला जागा मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सकाळी अकराच्या आत गेलं तरच बरं.

दीड तासाच्या पहिल्या भेटीचे दहा हजार रुपये घेतले आणि पावती दिली. पैसे घेण्याआधी त्यांनी एक कागद वाचायला दिला. त्यात स्पष्ट होतं की त्या भारतातल्या कायद्याचं काम बघतात: जमीन, वारसा, फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा, पैशाच्या उगमाची फाइल. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचा सल्ला त्या स्वतः देत नाहीत. त्यासाठी तिथल्या परवानाधारक वकिलाची वेगळी नेमणूक करावी लागते, आणि त्या दोघांमध्ये किंवा कुठल्याही प्रकल्पाकडून कमिशनची देवघेव नाही. हे शेवटचं वाक्य किती मोलाचं आहे हे त्यांनी मला एका उदाहरणावरून सांगितलं. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या एसईसीनं, म्हणजे तिथल्या सेबीनं, काही इमिग्रेशन वकिलांवरच कारवाई केली होती. ते वकील एका बाजूला गुंतवणूकदाराकडून फी घेत होते आणि दुसऱ्या बाजूला त्याला ज्या प्रकल्पात पाठवत होते त्याच्याकडून कमिशन. आता २०२२ च्या नव्या कायद्यानं प्रकल्प विकणाऱ्या मध्यस्थाला तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि त्याला किती मिळतं ते गुंतवणूकदाराला लेखी कळवावं लागतं. "त्या एजन्सीला एवढंच विचारा," त्या म्हणाल्या. मी फोन करून विचारलं. नंतर बघून सांगतो म्हणाले, आणि पुन्हा फोन आला नाही.

एजन्सीच्या दोन्ही बाता त्यांनी अमेरिकेतल्या वकिलाबरोबरच्या पहिल्या व्हिडिओ कॉलवर मला त्या वकिलाच्याच तोंडून ऐकवल्या आणि एकेक वाक्य मराठीत समजावून दिलं. ईबी-५ मध्ये पैसा जोखमीत असावाच लागतो. ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम परत देण्याची हमी करारात असेल, तर ती गुंतवणूक न राहता कर्ज ठरतं आणि त्याच कारणावरून अर्ज नामंजूर होतो. म्हणजे ज्या लेखी कराराच्या जोरावर मी सही करणार होतो, तोच करार मुलाचा अर्ज बुडवणार होता. ग्रेनाडाचं असं की ई-२ व्हिसा फक्त अमेरिकेशी तसा तह असलेल्या देशांच्या नागरिकांना मिळतो. भारताचा तह नाही, ग्रेनाडाचा आहे, इथवर एजंट खरं बोलला. पण डिसेंबर २०२२ पासून, पैसे भरून नागरिकत्व घेतलेल्या माणसाला आधी त्या देशात सलग तीन वर्षं वास्तव्य दाखवावं लागतं. शिवाय दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं. आणि एवढं करून ई-२ वर ग्रीन कार्ड मिळतच नाही. यातला एक शब्दही त्या हॉटेलात कुणी उच्चारला नव्हता.

ईबी-५ चा मूळ हिशेब असा. १९९० च्या कायद्यानं ही योजना आली. आज १० लाख ५० हजार डॉलर, किंवा ग्रामीण अथवा जास्त बेकारी असलेल्या भागातल्या प्रकल्पात आठ लाख डॉलर गुंतवायचे, आणि त्यातून दहा पूर्णवेळ नोकऱ्या उभ्या राहिल्या पाहिजेत. ग्रामीण म्हणजे महानगर क्षेत्राच्या आणि वीस हजार वस्तीच्या गावाच्या बाहेर. दरवर्षीच्या व्हिसांपैकी २० टक्के ग्रामीण प्रकल्पांसाठी राखीव असतात. हे राखीवपण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यानं बिगरराखीव गटात भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची झाली आहे. राखीव गटात अर्जाच्या महिन्यात रांग नसेल, तर अमेरिकेत असलेला मुलगा आय-५२६ई या ईबी-५ च्या मूळ अर्जाबरोबरच ग्रीन कार्डचा अर्जही लावू शकतो आणि तो चालू असताना त्याला कामाचा परवाना मिळू शकतो. पहिलं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, अटींचं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत अट काढून टाकायचा अर्ज. अजून एक तारीख त्यांनी माझ्या वहीत लाल पेनानं लिहून दिली: ३० सप्टेंबर २०२६. त्या दिवसापर्यंत दाखल झालेल्या अर्जांना, पुढे योजनेची मुदत वाढली नाही तरी, कायद्यानं संरक्षण आहे.

आता त्या तीन प्रश्नांकडे येतो.

जमीन विकायचं ठरल्यावर खरेदीदारानं दोन भाव सांगितले होते. चाळीस टक्के रोखीनं घेतले तर एकरी चार कोटी, सगळे बँकेतून घेतले तर तीन कोटी चाळीस लाख. आपल्याकडे हे किती सर्रास चालतं, ते कुणाला सांगायला नको. मी मनातल्या मनात चार कोटी धरूनच चाललो होतो. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "काका, स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजारांच्या वर रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, हा झाला इथला कायदा. तिथला कायदा त्याहून सोपा आहे. जो रुपया कुठून आला हे कागदावर दाखवता येत नाही, तो त्यांच्या लेखी नाहीच. आणि खरेदीखतात एक आकडा, बोलण्यात दुसरा, असं कधी उघडं पडलं तर खोटेपणाचा शिक्का मुलाच्या नावावर बसेल, तुमच्या नाही." घरी जाताना मंडळी म्हणाल्या, "त्याच्या नावावर काही नको." आम्ही खरेदीदाराला कळवलं, सगळे आरटीजीएसनं. साडेतीन एकरात दोन कोटी दहा लाखांचा फरक पडला. माझी रात्रीची झोप मात्र परत आली, हे मी मनापासून लिहितो.

पैशाच्या उगमाची फाइल हा या सेवेचा खरा गाभा आहे, आणि इथं त्यांचं काम मी पाहिलेल्या कुठल्याही वकिलापेक्षा चोख होतं. शेतकऱ्याची अडचण अशी की शेतीचं उत्पन्न आयकरातून माफ. त्यामुळे माझ्या विवरणपत्रात तीस वर्षांच्या द्राक्षांची कमाई ठळक दिसतच नाही. अमेरिकेतला अधिकारी म्हणणार, उत्पन्न एवढंसं आणि मुदत ठेवी एवढ्या कशा? बाईंनी माझ्याकडून काय काय गोळा करून घेतलं: बागेचे सातबारे पीकपेऱ्यासकट, पिंपळगाव बाजार समितीच्या पट्ट्या, निर्यातदाराची बिलं आणि त्यांची बँकेतली जमा, सोसायटीच्या पीककर्जाचे उतारे, औषधांच्या दुकानाची बिलंसुद्धा. वडिलोपार्जित जमिनीसाठी आजोबांच्या वारसाचा १९६८ चा फेरफार लागला. तो काढायला मी तहसील कार्यालयात चार चकरा मारल्या. पाचव्या वेळी त्यांच्या ज्युनिअर ताई स्वतः बरोबर आल्या, अर्जाची भाषा बदलली आणि आठवड्यात नक्कल हातात आली. प्रत्येक कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली भाषांतरकाराचं प्रमाणपत्र लागतं. आज फाइल ६४० पानांची आहे. तिच्या सुरुवातीला दोन पानांची एक गोष्ट लिहिली आहे, आजोबांपासून आमच्या खात्यापर्यंत पैसा कसा आला त्याची. ती मला वाचून दाखवली तेव्हा माझा गळा दाटून आला. माझ्या बापानं विहिरीसाठी घेतलेलं कर्ज आणि ते फेडलेली तारीखसुद्धा त्यात होती.

चूक कुठे झाली तेही सांगितलं पाहिजे. त्यांनी सुचवलेल्या भाषांतरकारानं सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर चक्क एकर म्हणून उतरवले. साडेतीन एकराची जमीन कागदावर दीड एकराच्या आत आली. ऑफिसमध्येही कुणाच्या लक्षात आलं नाही, ते मी पकडलं, कारण क्षेत्राचा आकडा शेतकऱ्याच्या डोळ्यांतून सुटत नाही. अकरा कागद परत करावे लागले आणि तीन आठवडे गेले. बाईंनी माफी मागितली, दुसऱ्यांदाचा खर्च आमच्यावर टाकला नाही. तरी तुमची फाइल असेल तर आकडे स्वतः ताडून बघा. गट नंबर, क्षेत्र, नावाचं स्पेलिंग. माझं नाव आधार, पासपोर्ट आणि सातबारा यांवर तीन प्रकारे होतं. त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

तिसरा प्रश्न मुलीचा. आमच्या घरात खरं म्हणजे तो प्रश्नच नव्हता. तिच्या लग्नात केलं, आता मुलासाठी करू, असं आम्ही धरून चाललो होतो आणि तीही कधी काही बोलली नव्हती. बाईंनी शांतपणे सांगितलं की वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीनं तो जन्मतःच मिळालेला आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. हक्कसोडपत्र करून घ्यायचा मार्ग कायद्यात आहे, तेही त्यांनी लपवलं नाही. पण म्हणाल्या, "तिनं आपल्या मनानं सही केली तर ठीक. पण तिनं आधी आकडा ऐकला पाहिजे. जवळजवळ तीन कोटींचा हक्क आहे. आकडा न सांगता घेतलेली सही मी माझ्या ऑफिसात होऊ देणार नाही."

त्या रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले तेव्हा मी सगळे कागद तिच्यासमोर ठेवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, मी सही करणारच होते. पण तुम्ही विचारलंत." पुढचं तिला बोलता आलं नाही. आम्ही नोंदणीकृत वाटणीपत्र केलं, चार सारखे वाटे: माझा, मंडळींचा, मुलीचा, मुलाचा. तिचा वाटा तिच्या खात्यात जाणार. त्यामुळे मुलासाठीची रक्कम कमी पडते, ती बागेच्या कमाईतल्या मुदत ठेवी मोडून भरायची. या एका गोष्टीसाठी मी बाईंचा कायमचा ऋणी आहे, व्हिसाचं पुढे काहीही होवो.

पैसे पाठवण्याचं गणित त्यांनी आणि आमच्या सीएंनी एकत्र बसून मांडलं. एका निवासी व्यक्तीला एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. आम्ही दोघांनी ३१ मार्चच्या आत पाच लाख डॉलर मुलाला भेट म्हणून पाठवायचे आणि उरलेले १ एप्रिलनंतर, नव्या वर्षाच्या मर्यादेत. मुलाचा स्वतःचा वाटा त्याच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या खात्यात, जमा होईल. तिथून अनिवासी माणसाला वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, त्याला एलआरएसची मर्यादा नाही आणि टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो आगाऊ करही नाही. आमच्या पाठवण्यावर मात्र माणशी दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेला २० टक्के टीसीएस बँक कापून घेणार. हा आकडा ऐकून मी हादरलो होतो. सीएंनी समजावलं की तो वेगळा कर नाही, त्या वर्षीच्या आपल्या करातून वजा होतो. आमची जमीन महापालिकेच्या हद्दीबाहेर असली तरी हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे तिच्यावर भांडवली नफ्याचा कर आहेच. विक्री आणि पहिला हप्ता एकाच आर्थिक वर्षात बसवला की टीसीएसचा बराचसा भाग त्याच करात जिरतो. एजन्सीच्या हिशेबात यातली एकही ओळ नव्हती. त्यांनी फक्त आठ लाखांना डॉलरच्या भावानं गुणलं होतं.

अमेरिकेतल्या वकिलाविषयी थोडं. बाईंनी तीन नावं दिली, निवड आमच्यावर सोडली. तिथल्या प्रत्येक राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर वकिलाचं नाव टाकलं की परवाना चालू आहे का, कधीपासून आहे, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे फुकट दिसतं. मुलानं तिघांचं बघितलं. आम्ही निवडलेल्या गृहस्थांनी दुसऱ्या कॉलच्या सुरुवातीलाच मला नम्रपणे खोलीबाहेर जायला सांगितलं. बाईंनी अर्थ सांगितला: "काका, पैसे तुमचे असले तरी त्यांचा अशील तुमचा मुलगा आहे. त्याच्याशी एकट्याशी बोलणं त्यांना भाग आहे." मी पंचवीस मिनिटं बाहेरच्या बाकावर बसून होतो. खरं सांगायचं तर मला ते लागलं. रात्री मुलाचा फोन आला. म्हणाला, "बाबा, त्यांनी मला विचारलं, हे तुला हवंय की घरच्यांना हवंय म्हणून करतोयस? आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं." मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? तो म्हणाला, दोन दिवस दे. दोन दिवसांनी त्यानं सांगितलं की त्याला हवंय, पण मार्चची एच-१बी लॉटरी आधी बघायची आहे. म्हणून आता असं ठरलं आहे की मार्चमध्ये पैसे त्याच्या खात्यात जातील, पण प्रकल्पात टाकायचे की नाही ते लॉटरीचा निकाल बघून एप्रिलमध्ये. एजन्सी असती तर आम्हाला हा महिनाभराचा श्वास घेऊ दिला नसता.

प्रकल्प कोणता घ्यावा, हे मात्र यांपैकी कुणीही सांगत नाही. त्यासाठी त्यांनी वेगळा आर्थिक सल्लागार नेमायला लावला. सुरुवातीला मला वाटलं, हे अंग काढून घेतात. मग बाईंनी अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या ‘जे पीक’ नावाच्या स्की रिसॉर्टचं प्रकरण वाचायला दिलं. परदेशी गुंतवणूकदारांकडून ३५ कोटी डॉलरहून जास्त पैसा गोळा झाला होता आणि एप्रिल २०१६ मध्ये एसईसीनं फसवणुकीचा दावा दाखल केला. तिथंही शेकडो लोकांनी आपल्या मुलाबाळांसाठीच पैसे भरले असतील. वाचून झाल्यावर मी वेगळ्या सल्लागाराला मुकाट्यानं होकार दिला.

खर्च. बाईंची फाइलची फी साडेतीन लाख, तीन टप्प्यांत. भाषांतर सव्वा लाखाच्या घरात. अमेरिकेतल्या वकिलाचे पंचवीस हजार डॉलर, सरकारी शुल्क वेगळं. प्रकल्पवाल्यांचा प्रशासकीय खर्च वेगळा, आम्हाला आलेल्या प्रस्तावात तो साठ हजार डॉलर आहे. हा सगळा आकडा पहिल्याच भेटीत एका कागदावर मिळायला हवा होता. तो तुकड्यातुकड्यानं कळत गेला, आणि दर वेळी घरी नव्यानं चर्चा करावी लागली. ही माझी मुख्य तक्रार आहे आणि ती मी त्यांच्या तोंडावर केली आहे. दुसरी तक्रार फोनची. कोर्टाच्या दिवशी त्या संध्याकाळी सहापर्यंत भेटत नाहीत. व्हॉट्सॅपवर "बघते" एवढंच उत्तर येतं. काळजीत असलेल्या माणसाला ते पुरत नाही. अमेरिकेच्या वेळेमुळे कॉल रात्री साडेआठला असतात, त्या वेळी मात्र त्या एकदाही उशिरा आल्या नाहीत.

पहिल्या भेटीला जाताना चालू सातबारे, तीन वर्षांची विवरणपत्रं, घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट आणि मुलाचा आय-२० (तिथल्या विद्यापीठानं विद्यार्थी व्हिसासाठी दिलेला कागद) बरोबर न्या, म्हणजे दीड तास वाया जात नाही. आणि दोघं नवराबायको जा. आमच्या मंडळींनी विचारलेले प्रश्न माझ्यापेक्षा नेमके होते.

आता बागेत तोडणी सुरू आहे. खरेदीखताची तारीख पुढच्या आठवड्यात, बँकेची त्यानंतर. शुक्रवारच्या बैठकीला बाईंनी मुलीलाही बोलावलं आहे. तिचे पैसे तिनं कसे ठेवावेत, यावर तिला काही विचारायचं आहे. त्याची फी लावणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं.